मोर्णेपलीकडची वाहतूक आणि ‘सीट’चे गणित

प्रतिनिधी, अकोला

मोर्णेच्या पश्चिम काठावर जुने शहर, तर पूर्वेकडे बाजारपेठ, सर्वोपचार रुग्णालय आणि शासकीय कार्यालये. या दोन काठांमधील सामान्य माणसाची ये-जा मुख्यतः तीन चाकांवर चालते. अकोला महापालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली. शहर बससेवेचे प्रयोगही एकाहून अधिक वेळा झाले; पण ते टिकले नाहीत. डाबकी रोडवरून निघणाऱ्या प्रवाशाचा भरवसा उरला तो रिक्षावर.

या रिक्षा बेशिस्त असल्याची तक्रार नेहमीचीच आहे. ती खोटीही नाही. मात्र, बेशिस्त दिसणाऱ्या या व्यवसायामागे काटेकोर हिशेब असतो. सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, कारण इंधनाचा खर्च एका प्रवाशासाठीही तेवढाच आणि तिघांसाठीही तेवढाच. समजा, एका सीटचे वीस रुपये मिळतात. परवान्याप्रमाणे तीनच प्रवासी घेतले, तर फेरीचे साठ रुपये होतात. चालकाच्या शेजारी आणखी दोघे बसविले की शंभर. इंधन व गाडीचा हप्ता यांत बहुतांश साठ रुपये जात असतील, तर चालकाच्या घरी जाणारा पैसा हा त्या जादा दोन सीटांचा असतो. दंडाची भीती दाखवून ही सवय मोडत नाही, याचे कारण हे आहे.

गाडी भाड्याने घेतलेल्या चालकाची कोंडी याहून मोठी. मालकाला दिवसाची ठरलेली रक्कम द्यावीच लागते. धंदा झाला नाही तरी ती चुकत नाही. म्हणूनच शाळेच्या मुलांची महिनेवारी वाहतूक अनेकांना हवीशी वाटते. भाडे कमी असले तरी ते निश्चित असते. श्रावणातील शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या कावडयात्रेने रस्ते व्यापले की रिक्षांच्या फेऱ्या अडतात. हप्त्याला मात्र सुटी नसते.

हाच हिशेब सातासमुद्रापलीकडेही आढळतो. केनियातील नैरोबी शहरात ‘मटाटू’ नावाच्या छोट्या बसगाड्यांचा चालक मालकाला दररोज ठरावीक रक्कम देतो आणि वरची कमाई स्वतः ठेवतो. गर्दी, वेग आणि थांब्यावरची चढाओढ यांचे मूळ तेथेही याच करारात आहे. २००४ मध्ये तत्कालीन वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी वेगनियंत्रक, आसनपट्टे आणि मर्यादित आसने सक्तीची केली. सुरुवातीला शिस्त दिसली, पुढे ती ढिली पडली. चालक-मालकांमधील व्यवहार तोच राहिला होता. त्यानंतर शासनाने एकेकट्या मालकांना सहकारी संस्थांत येण्यास भाग पाडले. जोहान्सबर्गने तर वेगळाच मार्ग धरला. २००९ मध्ये ‘रिया वाया’ ही जलद बससेवा सुरू झाली आणि ज्या मिनीबस टॅक्सीवाल्यांचे मार्ग तिने घेतले, त्यांनाच बस चालविणाऱ्या कंपनीत भागधारक करण्यात आले. त्याआधी विरोध झाला, हिंसाचारही झाला. पण धंदा जाणाऱ्याला नव्या धंद्यात वाटा द्यावा लागतो, एवढे तेथील प्रशासनाने मान्य केले.

आपल्याकडे मात्र वाहनांची संख्या आणि धोरण यांचा मेळ बसलेला नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये रिक्षा परवान्यांवरील मर्यादा उठविली. ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादा आणि चार प्रवासी अशी अट असलेल्या ई-रिक्षाला २०१५ च्या कायदादुरुस्तीने मान्यता मिळाली, तर विजेवरील वाहनांना केंद्राने २०१८ मध्ये परवान्यातून सूट दिली. इंधनाचा खर्च कमी आणि कायदेशीर प्रवासी एक जास्त; साहजिकच जुन्या रिक्षावाल्याचे प्रवासी वाटले जातात. संख्या वाढली, पण थांबे आणि मार्ग कोणी आखून द्यायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

ग्रामीण मार्गांवरील काळी-पिवळीचा अनुभव बोलका आहे. २०२१-२२ मधील एसटी कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात प्रवाशांनी याच जीपगाड्यांचा आधार घेतला. पुढे ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. प्रवाशांच्या दृष्टीने हे निर्णय स्वागतार्हच. जीपवाल्याचा हुकमी प्रवासी मात्र एसटीकडे वळला. सवलतीची भरपाई शासन एसटी महामंडळाला देते; जीपवाल्याला ती मिळण्याचा प्रश्नच नाही.

जुन्या शहरापुरता उपाय अगदीच अवघड नाही. रिक्षा हे कायद्याने कंत्राटी वाहन. वाटेत एकेक प्रवासी घेणे परवान्यात बसत नाही. तरीही परिवहन प्राधिकरणाला शेअर रिक्षासाठी मार्ग व प्रतिसीट दर मंजूर करता येतात, मुंबईसह अन्य शहरांत तसे झालेलेही आहे. दर ठरविताना तीन प्रवाशांत फेरी परवडते की नाही, हे आधी तपासावे लागेल. तो दर वाढला, तर मोर्णा ओलांडून रुग्णालयात किंवा मजुरीवर जाणाऱ्याच्या खिशाला चाट बसेल. ही वाढ प्रवाशाने सोसायची, की बससेवेवर होणाऱ्या खर्चातला काही भाग महापालिकेने या मार्गांकडे वळवायचा, यावर चालकांच्या संघटना, महापालिका व परिवहन कार्यालय यांना एकत्र बसवूनच निर्णय होऊ शकतो.