बंदुकीवरचे शिक्के कोण पुसतो?

युद्ध संपते, तहनामे होतात, सैनिक घरी परततात. परंतु युद्धासाठी घडविलेली रायफल युद्धाबरोबर मरत नाही. तिचा गंज घासून काढला जातो, तुटका दस्ता बदलला जातो, पोलादावर पुन्हा काळा मुलामा चढविला जातो आणि ती नव्या गिऱ्हाइकासाठी मांडली जाते. या मालाला व्यापाराच्या भाषेत ‘लष्करी शिलकी माल’ असे निरुपद्रवी नाव आहे. भांडवलदारी जगात त्याचे शौकीन आहेत, संग्राहक आहेत, जाहिराती आहेत. एखादी रायफल कोणत्या कारखान्यात, कोणत्या वर्षी तयार झाली याचा शोध हे शौकीन मोठ्या हौसेने घेतात. मात्र ती कोणी विकली, कोणाला विकली आणि कोणाच्या छातीवर रोखण्यासाठी विकली, या प्रश्नांपाशी येताच त्यांची हौस संपते. खरा शोध नेमका तेथूनच सुरू होतो.

रायफलीचे मूळ शोधणे ही काही जादू नव्हे. नळीवर आणि तिच्यामागच्या पोलादी भागावर कारखान्याची खूण, वर्ष, क्रमांक, तपासनिसाचा ठसा असे शिक्के असतात. डागडुजी करणारे शस्त्रागार त्यावर आपले शिक्के उमटवते, कधी जुने खोडते. दुसऱ्या महायुद्धात लाल सेनेने नाझी सैन्याकडून हस्तगत केलेल्या माउझर रायफली सोव्हिएत शस्त्रागारांत सुट्या करून साफ करण्यात आल्या. सरमिसळ भागांतून त्या पुन्हा जोडल्या गेल्या, भागांवर नवे क्रमांक कोरले गेले आणि बऱ्याच रायफलींवरचे स्वस्तिक ठोकून पुसले गेले. १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून इस्रायलने घेतलेल्या माउझर रायफलींपैकी काहींवर जर्मन गरुड आणि इस्रायली तारा एकाच पोलादावर शेजारी शेजारी आढळतात. म्हणजे पोलाद बोलते. प्रश्न एवढाच उरतो की, त्याचे बोलणे ऐकायची कोणाची तयारी आहे आणि ते दाबण्यात कोणाचा स्वार्थ आहे.

इच्छापूरचा धडा

या प्रश्नाचे पहिले उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या ब्रिटिश सत्तेने हिंदी शिपायाच्या हाती आटे पाडलेल्या नळीची, दूरवर अचूक मारा करणारी एन्फील्ड रायफल ठेवली नाही. त्याच्यासाठी गुळगुळीत नळीची बंदूक मुद्दाम तयार करण्यात आली. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर आली. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा त्यांनी टाकलेली मार्टिनी हिंदी शिपायाच्या खांद्यावर चढली. १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले, आणि शिपायाला साम्राज्याच्या एक पिढी जुन्या भंगारावर ठेवले.

बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्यात हे धोरण पोलादात कोरले गेले. तेथे थ्री-नॉट-थ्री रायफलींचे रूपांतर पॉइंट ४१० च्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांत करण्यात आले. काडतुसांची पेटी जेथे बसते ती जागा लाकडी ठोकळ्याने बुजविली, म्हणजे एका वेळी एकच बार निघावा. ही बंदूक पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी होती. ज्या हिंदी शिपायाने हिंदी कामगारावर आणि शेतकऱ्यावर गोळी झाडावयाची, त्याच्यावरही साम्राज्याचा विश्वास नव्हता! मुकुट आणि राजाच्या नावाची अक्षरे मिरवणारी ही शस्त्रे आज कुतूहलाचा विषय म्हणून दाखविली जातात. परंतु तो लाकडी ठोकळा साम्राज्यशाहीचा कबुलीजबाब आहे.

स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. शस्त्राची उतरंड मात्र बदलली नाही. लष्कराने टाकलेली रायफल पोलिसाकडे, पोलिसाने टाकलेली पहारेकऱ्याकडे, हाच क्रम राहिला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या मारेकऱ्यांसमोर रेल्वेच्या शिपायांकडे होती ती थ्री-नॉट-थ्री. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी या रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. आणि इच्छापूरने स्वतंत्र भारताच्या लष्करासाठी १९६० नंतरच्या दशकात नव्याने बनविलेल्या ७.६२ मिलिमीटर रायफली? त्याही पुढे शिलकी माल म्हणून अमेरिकी दुकानांच्या फळ्यांवर जाऊन बसल्या. शिलकी शस्त्र नेहमी दोनच दिशांना जाते: सत्तेच्या उतरंडीवरून खाली, किंवा नफ्याच्या वाटेने बाहेर.

१९ डॉलर ९५ सेंट

नफ्याची ही वाट कशी चालते याचा सर्वांत गाजलेला पुरावा स्वतः अमेरिकी शासनानेच नोंदवून ठेवला आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. सापडलेल्या रायफलीचा क्रमांक होता सी २७६६. मुसोलिनीच्या राजवटीत, १९४० साली, इटलीतील तेर्नी येथील शस्त्र कारखान्यात ती तयार झाली होती. फॅसिस्ट सैन्य पराभूत झाले आणि इटलीची शस्त्रे शिलकी मालाच्या बाजारात आली. न्यूयॉर्कच्या क्रेसेंट फायरआर्म्स या कंपनीने ती शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानाला विकली. दुकानाने तिच्यावर जपानी बनावटीची दुर्बीण बसवून १९ डॉलर ९५ सेंट किमतीला तिची जाहिरात केली. मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्ड याने ‘हिडेल’ या खोट्या नावाने मनीऑर्डर पाठविली आणि रायफल टपालपेटीच्या पत्त्यावर घरपोच झाली. पराभूत फॅसिझमचे हत्यार पुस्तक मागवावे तसे टपालाने मागविता येत होते!

या शोधाला किती वेळ लागला? त्याच संध्याकाळी आयातदाराच्या नोंदींतून शिकागोच्या दुकानाचे नाव निघाले आणि पहाटे चारच्या सुमारास दुकानाच्या दप्तरातून विक्रीचा कागद निघाला. म्हणजे एक रात्रही पुरली. जेव्हा सत्ताधारी वर्गाला शोध हवा असतो तेव्हा तो लागतो, हे यावरून सिद्ध झाले. परंतु त्या शोधाचा शेवट एका माणसाच्या नावापाशी झाला. क्रमांक सी २७६६ हा कोणत्या सौद्यातून, कोणत्या सरकारच्या संमतीने आणि कोणाच्या नफ्यासाठी अटलांटिक ओलांडून आला, ही बाब केवळ तपशील ठरली. शेवटचा गिऱ्हाईक गुन्हेगार आणि आधीचे सगळे विक्रेते साक्षीदार, हाच या व्यापाराचा अलिखित कायदा आहे.

मग अमेरिकी कायदेमंडळ जागे झाले नाही काय? झाले, परंतु कोणाच्या हाकेने, तेही पाहिले पाहिजे. १९५८ सालीच परदेशी लष्करी बंदुकांची आयात बंद करण्याचे विधेयक सिनेटमध्ये मांडले गेले होते. ते मांडणारे सदस्य होते मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी, आणि ते हवे होते त्या राज्यातील बंदूक कारखानदारांना! स्वस्त परदेशी माल त्यांच्या नफ्याच्या आड येत होता. ते विधेयक कायदा झाले नाही. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर टपालाने होणारी विक्री आणि लष्करी शिलकी बंदुकांची आयात यांवर बंदी आली. देशी कारखान्यांची विक्री मात्र चालूच राहिली. १९८४ साली ‘संग्राह्य जुन्या वस्तू’ या नावाखाली आयातीचे दार पुन्हा किलकिले करण्यात आले. आणि १९८६ च्या कायद्याने बंदुकांच्या मालकीची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास अमेरिकी शासनाला मनाई केली. मोटारीची नोंद हवी, कुत्र्याच्या परवान्याची नोंद हवी, बंदुकीची नको!

शिक्का जेव्हा खोटे बोलतो

शिलकी शस्त्रांच्या या बाजारात व्यापारी आणि हेरखाते एकाच मेजावर जेवतात. सॅम्युअल कमिंग्ज याचे उदाहरण बोलके आहे. कोरियन युद्धाच्या काळात तो सीआयएमध्ये शस्त्रांचा जाणकार म्हणून नोकरीला होता. १९५३ साली त्याने इंटरआर्मको ही कंपनी काढली. युरोपातील सैन्यांनी टाकलेल्या रायफली घाऊक घ्यावयाच्या आणि अमेरिकेत व अन्यत्र विकावयाच्या, या धंद्यावर तो जगातील सर्वांत मोठा खाजगी शस्त्रव्यापारी बनला आणि १९९८ मध्ये मोनॅको येथे ऐश्वर्यात वारला.

परंतु जेथे मालापेक्षा मालावरचा शिक्काच उपयोगी असतो, तेथे हेरखाते काय करते ते ग्वातेमालाच्या जनतेने अनुभवले. हाकोबो आर्बेन्झ यांच्या निवडून आलेल्या सरकारने १९५२ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला आणि युनायटेड फ्रूट कंपनीच्या पडीक जमिनी भूमिहीनांना वाटण्यास सुरुवात केली. वॉशिंग्टनने या देशाला शस्त्रे विकणे आधीच बंद केले होते. तेव्हा आर्बेन्झ सरकारने चेकोस्लोव्हाकियाकडून शस्त्रे घेतली. ‘आल्फहेम’ हे जहाज १५ मे १९५४ रोजी प्वेर्तो बारियोस बंदराला लागले. त्या मालात महायुद्धातील जुनी जर्मन शस्त्रेही होती. अमेरिकी वृत्तपत्रांनी एकच कल्लोळ केला: मॉस्कोचा हात सापडला!

वस्तुस्थिती काय होती? ते जहाज येण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९५४ मध्ये, सीआयएने निकाराग्वाच्या किनाऱ्यावर सोव्हिएत शस्त्रांचा बनावट साठा पेरून तो ‘सापडल्याचा’ देखावा करण्याची योजना हाती घेतली होती. मे महिन्यात हुकूमशहा सोमोझा याने हा ‘शोध’ जाहीर केला. हे कम्युनिस्टांचे आरोप नव्हेत. अमेरिकी शासनाने नंतर स्वतःच खुल्या केलेल्या कागदपत्रांत ही योजना नोंदलेली आहे. त्याच वेळी कास्तियो आर्मास याच्या भाडोत्री टोळीला सीआयए पैसा, शस्त्रे आणि विमाने पुरवीत होती. २७ जून १९५४ रोजी आर्बेन्झ यांना राजीनामा द्यावा लागला, आणि त्या देशाच्या नशिबी अनेक दशकांचा रक्तपात आला. एका ठिकाणी शस्त्राचा उगम लपविला जातो, दुसऱ्या ठिकाणी उगमच बनविला जातो. दोन्ही कृत्यांमागचा हात एकच असतो.

‘सगळेच विकतात’ या युक्तिवादाबद्दल

येथे भांडवलदारी पत्रपंडित आपला ठेवणीतला आक्षेप पुढे करतात. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांना नाझी बनावटीच्या माउझर रायफली सापडल्या. त्या सोव्हिएत कोठारांतूनच आल्या होत्या. मग फरक तो काय? शस्त्राला विचार नसतो, सगळेच पुरवितात, सगळेच विकतात!

फरक आहे, आणि तो शिक्क्यापेक्षा खोल आहे. नाझी सैन्याच्या हातून रक्त सांडून हिसकावलेली ती रायफल आपल्या भातखाचरावर बॉम्ब टाकणाऱ्या आक्रमकाविरुद्ध लढणाऱ्या जनतेला दिली गेली. जाहिरातीच्या पानावर किंमत छापून ती जो पैसे देईल त्याला विकली गेली नाही. एका बाजूला पक्ष घेण्याची राजकीय जबाबदारी होती. दुसऱ्या बाजूला जबाबदारीच नको म्हणून तयार केलेला बाजार होता. आणि ज्यांना हा फरक दिसत नाही त्यांनी पुढचे प्रकरणही पाहावे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर त्याच कोठारांतील, त्याच डागडुजी केलेल्या रायफली पेट्या भरभरून अमेरिकी आयातदारांच्या गोदामांत गेल्या. पोलाद तेच, शिक्के तेच. बदलली ती मालकी आणि हेतू. अर्थात, उगमाचा हिशेब देण्याचा नियम कोणत्याही राज्याला माफ असता कामा नये. ज्याने शस्त्र दिले त्याने ते कोणाला आणि कशासाठी दिले हे उघडपणे सांगावे. जनतेच्या बाजूने दिलेल्या शस्त्राला या प्रकाशाचे भय नाही.

पोलाद टिकते, कागद जाळता येतो

आज आंतरराष्ट्रीय पातळीवर काय स्थिती आहे? २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लहान शस्त्रांचा माग काढण्यासाठी एक दस्तऐवज स्वीकारला. शस्त्रावर खूण करावी आणि नोंदी ठेवाव्यात, असे त्यात म्हटले आहे. परंतु त्याला कायद्याचे बंधन नाही, आणि काडतुसांना तो लागूच नाही. त्यात उत्पादनाच्या नोंदी किमान ३० वर्षे, आयात-निर्यातीच्या किमान २० वर्षे ठेवाव्यात एवढीच अपेक्षा आहे. २०१३ च्या शस्त्रव्यापार कराराने बंधनकारक मुदत आणखी खाली आणली: फक्त १० वर्षे. अमेरिकेने त्या करारावर सही केली, पण त्याला कधीच मान्यता दिली नाही, आणि २०१९ मध्ये अंग काढून घेतले. भारत सरकार मतदानात तटस्थ राहिले.

आता हा हिशेब मांडून पाहावा. १९४० ची रायफल १९६३ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, अचूक चालली. त्याच पिढीतील थ्री-नॉट-थ्री २००८ मध्ये मुंबईच्या रेल्वे स्थानकावर होती. शस्त्र पाऊण शतक टिकते आणि त्याचा कागद १० वर्षांत रद्दीत काढण्याची मुभा असते. ज्या देशांच्या शेतांत आणि रस्त्यांवर ही शस्त्रे अखेर पोचतात, तेथील जनतेला मृतदेह मोजावे लागतात. ज्या देशांनी ती पाठविली, त्यांना पावतीही जपावी लागत नाही.

म्हणून शांततेच्या चळवळीने आणि श्रमजीवी जनतेच्या संघटनांनी या बाबतीत नेमकी मागणी केली पाहिजे. शस्त्र जोवर अस्तित्वात आहे तोवर त्याची नोंद जिवंत राहावी. डागडुजी करणाऱ्याने मूळ खूण खोडल्यास तो गुन्हा ठरावा. प्रत्येक शिलकी मालाचा सौदा, विकणारे सरकार, मधला दलाल आणि घेणारा यांच्या नावांसह, संसदेपुढे यावा. भारत सरकारने तटस्थतेचा पडदा दूर सारून हीच भूमिका संयुक्त राष्ट्रांत मांडावी, आणि प्रथम आपल्याच शस्त्र कारखान्यांतून बाहेर गेलेल्या शिलकी मालाचा हिशेब देशापुढे ठेवावा. निःशस्त्रीकरणाची भाषणे पुष्कळ झाली. ज्यांच्या वहीत या बंदुकांचे क्रमांक आहेत, त्यांच्या वह्या आता उघडल्या गेल्या पाहिजेत.