सतरंजीवर जागा आहे

आमच्या संगीत मंडळाच्या गेल्या महिन्याच्या बैठकीला आम्ही 60 माणसांच्या हिशेबानं सतरंज्या घातल्या. आली 22. तानपुरे जुळल्यावर गायिका हसून म्हणाली, "या ना, जवळ या." आम्ही सगळे पुढे सरकलो. मग मारव्यात तिनं षड्जाला किती वेळ हुलकावणी दिली, ते आम्ही श्वास रोखून ऐकत राहिलो. अखेर तो लागला, तेव्हा पहिल्या ओळीतल्या काकांच्या तोंडून निघालेलं 'अहाहा' तिला स्पष्ट ऐकू गेलं आणि तीच जागा तिनं पुन्हा, वेगळ्या वाटेनं घेतली. मोठ्या मांडवात हे होणं अवघड. तिथे तिच्या डोळ्यांवर दिव्यांचे झोत, आणि आपण तिला पडद्यावर बघणार.

महोत्सवांशी माझं भांडण नाही. 1953 साली सुरू झालेल्या 'सवाई'ला मीही डबा बांधून जातो. पूर्वी तो रात्रभर चालायचा. पुढे ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आले आणि रात्री 10 नंतर उघड्यावरचे कर्णे बंद झाले. योग्यच झालं, शेजाऱ्यालाही झोप हवी. पण दरबारी, मालकंस त्यांच्या वेळेला ऐकायचे कुठे? त्याच नियमांत बंद सभागृहाला मुभा आहे. दारं लोटली की माइकवाचूनही शेवटच्या भिंतीपर्यंत सूर पोचेल, एवढी खोली पुरते. मध्यरात्रीच्या रागांना आता असल्याच खोल्यांचा आसरा आहे.

असल्या खोल्यांत बैठका भरवतात ती आमच्यासारखी मंडळं आणि क्लब. 'क्लब' म्हटलं की आपल्याकडे पत्त्यांचे डाव आठवतात. पण कोल्हापूरचा देवल क्लब गाण्याचा, आणि तो एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. याच शहरात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. पदरी ठेवणारे राजे गेले. आता वर्गणी भरणारे आपणच.

ती वर्गणी आटत चालली आहे. हॉलचं भाडं, कलाकाराची बिदागी, तबला-पेटीच्या साथीदारांचं मानधन, चहा. यातला फक्त चहा कमी करता येतो, आणि तो आम्ही केला आहे. हॉल ज्या शाळेचा आहे, तिच्या चालकांना तो शिकवणीवर्गाला दिला तर जास्त भाडं मिळतं. त्यांना दोष कसा देणार? रिकाम्या सतरंज्या त्यांनाही दिसतात.

म्हणून हे मागणं. सभासद व्हा. फुकट पास मागू नका. मागितलात तर मी देईन, पण मनातून रागावेन. रेकॉर्डिंग घरी ऐका, खुशाल ऐका, पण एखाद्या बैठकीला या आणि फोन खिशात राहू द्या. घरातल्या एका पोराला ओढून आणा. झोपलं तरी चालेल, मीही आजीच्या मांडीवर झोपूनच पहिला मालकंस ऐकला. आणि नवखा गायक चुकला तर उठून जाऊ नका. चुकायला त्याला तरी दुसरी जागा कुठली आहे?

पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी, रात्री 9 वाजता. म्हणजे दरबारी 10 च्या पुढे येईल. सतरंज्या घालायला साडेसातला दोन माणसं हवी आहेत. माझे गुडघे आता ऐकत नाहीत.