पीजीला दाखला नको, सेवा मोजा

बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांवर वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रासाठी रांगा लागतात. एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी तो कागद लागतो आणि तो लागायलाच हवा. सरकारी महाविद्यालये राज्याच्या पैशावर चालतात, तेव्हा इथे शिकलेल्या मुलांचा त्यांवर पहिला हक्क आहे. अमेरिकेतही टेक्सासच्या बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याबाहेरच्यांना दहा टक्क्यांवर जागा देता येत नाहीत.

पीजीला मात्र हा न्याय लागू पडत नाही. चंदीगडच्या सरकारी महाविद्यालयातील प्रवेशांवरून उभ्या राहिलेल्या तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पीजीमधील अधिवासावर आधारित आरक्षण कलम १४ च्या विरुद्ध ठरवले. १९८४ च्या प्रदीप जैन निकालाने हेच सांगितले होते. त्याच संस्थेतून एमबीबीएस झालेल्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा न्यायालयाने ठेवली आणि आधी झालेले प्रवेशही कायम राखले.

‘आमच्या मुलांच्या जागा गेल्या’ अशी नाराजी आपल्यापैकी अनेकांनी बोलून दाखवली. ती आम्हाला पटत नाही. एमबीबीएस झालेला माणूस डॉक्टर झालेला असतो. तो कुठल्या तालुक्यात वाढला यापेक्षा तो कुठे काम करतो हे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे. महाराष्ट्राचा अधिवास असलेला सर्जन पुण्यात दवाखाना थाटतो, तेव्हा गडचिरोलीला त्या दाखल्याचा काय उपयोग? कितीतरी ग्रामीण रुग्णालयांत शस्त्रक्रियागृह आहे, भूल देण्याचे बॉइल्स मशीन आहे, पण भूलतज्ज्ञ नाही. मग अडलेल्या बाईला रात्री रुग्णवाहिकेत घालून जिल्ह्याला पाठवायचे. राज्याच्या आतही एमबीबीएस प्रवेशांत आपण ७०:३० चे प्रादेशिक कुंपण घातलेच होते: ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के उरलेल्या राज्याला. महाविद्यालये कमी असलेल्या मराठवाड्यातल्या मुलांना त्याची झळ बसली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते काढावे लागले.

ज्या निकषाने रुग्णाचे भले होईल तो निकष कायद्यात आजही उपलब्ध आहे. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पीजीत वेगळा कोटा देण्याचा राज्यांचा अधिकार घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला. तामिळनाडूतील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनेने तो लढा दिला होता. दुर्गम भागात काढलेली वर्षे प्रवेशात ठळकपणे मोजली जावीत आणि पीजीनंतर त्या डॉक्टरला त्याच्याच विषयाच्या जागेवर नेमावे. भूलतज्ज्ञाला बाह्यरुग्ण विभागात बसवून सक्तीच्या सेवेचा बॉण्ड भरून घेणे ही शुद्ध नासाडी आहे.

अधिवासासाठी पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावण्यात संघटनांनी शक्ती घालवू नये. पुढच्या प्रवेशफेरीची माहितीपुस्तिका निघण्याआधी या दोन मागण्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे लेखी द्याव्यात. ग्रामीण सेवेत असलेल्या वाचकांनी आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखेत हा विषय याच महिन्यात मांडावा.