चाकाच्या पाठीवरचा आकडा

जळगावात मॅग व्हील घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारतं. डिझाइन कोणतं आणि किती इंची? टायरबद्दल एकच सूचना असते: चौडा टाका. धुळ्यातही याहून वेगळं काही घडत नाही. व्यवहार उरकतो, पावतीवर ‘मॅग १६ इंच, ४ नग’ असं लिहिलं जातं आणि गाडी रस्त्याला लागते. टायर किती रुंद असावा हे ज्या आकड्यावरून ठरतं, तो आकडा या सगळ्या बोलण्यात ना दुकानदाराच्या तोंडी येतो, ना गिऱ्हाइकाच्या.

हा आकडा चाकाच्या पाठीवरच असतो. चाक उलटं करून पाहावं. एखाद्या आऱ्यामागे किंवा मधल्या गोलाजवळ ‘१६ × ६.५ जे’ असं काहीसं ओतलेलं दिसेल. १६ हा व्यास. ६.५ ही रिमची रुंदी, म्हणजे टायर ज्या दोन कडांमध्ये बसतो त्यांच्यातलं अंतर, इंचांत. १८५/६५ आर १५ टायरला, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच अशा टायरला, ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. १९५/५५ आर १६ ला ५.५ ते ७, तर २०५/५५ आर १६ ला ५.५ ते ७.५. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत हे स्पष्ट छापलेलं आहे. यंत्रावर मात्र या हद्दीबाहेरचा टायरही चढतो, आणि तो चढला की काम झालं असं मानलं जातं.

पण काम तिथेच बिघडलेलं असतं. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात, मधला भाग उचलला जातो आणि टायर मधूनच झिजतो. वळणावर गाडी हलकीशी डोलते. पैसे दिले जास्त पकडीसाठी, आणि हाती आली ती आधीपेक्षा कमी. उलट रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला की धातूची कड उघडी पडते. मग खड्ड्याचा दणका थेट तिच्यावर. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पहिल्या पावसात कसे खचतात, हे खान्देशात कोणाला सांगायची गरज नाही. कडेला चीर गेली की ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरत राहते, आणि पंक्चरवाला टायरमध्ये खिळा शोधत बसतो.

‘चौडा टायर म्हणजे मजबूत टायर’ हा समज तर मोडूनच काढायला हवा. १८५/६५ आर १५ च्या पुढे ८८ हा भारांक असतो. म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. २०५/४५ आर १७ हा त्याहून २० मिलिमीटर रुंद, पण साध्या बांधणीत त्याचा भारांक ८४, म्हणजे ५०० किलो. रुंदी वाढली आणि ताकद टायरमागे ६० किलोंनी घटली. कारण भार पेलते ती आतली हवा. या टायरची बाजू १२० मिलिमीटरवरून ९२ वर आलेली, त्यामुळे हवेला जागाच कमी. जादा भाराच्या बांधणीत हाच टायर पुन्हा ८८ वर जातो, पण त्यासाठी हवाही जास्त भरावी लागते, आणि ते सांगायचं राहून जातं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पाच माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन कमी हवेच्या टायरवर महामार्गाला लागणं ही धाडसाची गोष्ट नव्हे, निष्काळजीपणा आहे.

कंपन्या रुंदी कशी वाढवतात, हे आपल्याच रस्त्यांवरच्या स्विफ्टमध्ये पाहता येतं. २०१८ च्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. टायर रुंद झाला, रिम मोठी झाली, पण बाहेरचा व्यास दोन्हींचा ६२० मिलिमीटरच्या आसपासच राहिला. टायरची बाजू तेवढी बुटकी केली. याच गाडीला कोणी २०५/६५ आर १५ घातला, तर व्यास ६४७ वर जातो. मग स्पीडोमीटरचा काटा १०० दाखवत असताना गाडी १०४ ने धावते.

दुकानासमोर, रिकाम्या गाडीत, असं वाढलेलं चाक कुठेच घासत नाही. घासतं ते गाडीत माणसं बसल्यावर. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या बाजूने खर्र असा आवाज येतो. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर हात फिरवला तर एक गुळगुळीत, चकाकणारा पट्टा लागतो. टायरच्या खांद्यावरही तसाच. त्या खांद्याचं रबर प्रत्येक फेरीत थोडं थोडं कापलं जात असतं.

दुकानदारांना हे ठाऊक नाही, असं म्हणवत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने बोललं पाहिजे. गिऱ्हाईक हौसेने आलेलं असतं. त्याला अडवलं तर ते पलीकडच्या दुकानात जाईल, ही भीती खरी आहे. पण त्या भीतीची किंमत गाडीत बसलेल्या कुटुंबाने का मोजायची? जळगाव आणि धुळ्याच्या टायरवाल्यांनी पावतीवर चार गोष्टी लिहून द्याव्यात: रिमची रुंदी, टायरचा पूर्ण आकार, भारांक आणि भरायची हवा. एका ओळीचं काम आहे. आणि घेणाऱ्याने पैसे देण्याआधी चाक उलटं करून तो आकडा स्वतः वाचावा. जो दुकानदार तो दाखवायला किंवा लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्याकडून चाकं घेऊ नयेत.