फिट, पत्रिका आणि आपण सुशिक्षित

१७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो, फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी आंतरराष्ट्रीय दिन असतो आणि २६ मार्चला जांभळे कपडे घालायचा आणखी एक दिवस. फलक लागतात, भाषणं होतात. भाषणात एक वाक्य हमखास असतं, "खेड्यापाड्यातल्या अडाणी लोकांत अजून फार गैरसमज आहेत." मंडळी, या वाक्यावर माझा आक्षेप आहे.

खेड्यातला माणूस पोराला फेफरं आलं की कांदा हुंगवतो, चप्पल नाकाला लावतो, देवऋषाकडे नेतो. ते चूकच आहे. पण तो ते चारचौघांत करतो, त्यामुळे एखाद्या आशाताईला, एखाद्या गुरुजींना त्याला समजावता तरी येतं. आपण राजारामपुरीतली शिकलेली माणसं काय करतो? एमआरआय काढतो, न्यूरॉलॉजिस्टला दाखवतो, गोळ्या वेळेवर देतो, आणि फाईल कपाटात कुलूप लावून ठेवतो. शेजारी सोडाच, सख्ख्या मावशीलाही पत्ता नसतो. जे लपवलंय ते समजावणार कोण आणि कुणाला?

हे कुलूप सगळ्यात घट्ट बसतं ते लग्न ठरवताना. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराला वेडाच्या पंक्तीला बसवलं होतं. वारंवार झटके येत असतील तर ती लग्नातली अडचण मानली जाई. त्याविरुद्ध डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या संघटनांनी आवाज उठवला. १९९९ मध्ये संसदेने हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही अपस्मार हा शब्द काढून टाकला. त्याला पाव शतक उलटून गेलं. कायदा सुधारला, आपली बैठक सुधारली नाही. पत्रिकेत नाडी, गण, मंगळ, गोत्र, पगार, फ्लॅट सगळं असतं. फिटचा उल्लेख मी अजून एकाही पत्रिकेत पाहिलेला नाही.

"बाई, तुम्हाला बोलायला काय जातंय? खरं सांगितलं तर पोरीचं लग्नच होणार नाही," असं मला अनेक आयांनी सांगितलं आहे. त्यांची भीती खोटी नाही, आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण लपवल्यावर पुढे काय होतं ते पाहा. नवी सून सासरी सगळ्यांसमोर गोळी कशी घेणार? पर्स लपवते, एक दिवस चुकतो, दोन दिवस चुकतात. त्यात लग्नाची जागरणं आणि उपास. गोळी चुकणं आणि झोप मोडणं ही झटका यायची अगदी नेहमीची कारणं आहेत. म्हणजे जे लपवायचं होतं तेच आपण सासरच्या अंगणात घडवून आणतो. मग 'फसवणूक' हा शब्द येतो आणि प्रकरण कोर्टात जातं.

त्याहून गंभीर गोष्ट बाळाची. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखं औषध गरोदरपणात पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. त्यासाठी दिवस जायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं, फॉलिक ॲसिड सुरू करता येतं. मनाने गोळी बंद करणं तर आणखी धोक्याचं. नवऱ्यालाच माहीत नसेल तर हे नियोजन करणार कोण?

आणि मुलगा असला की न्याय वेगळा! "लग्न करा, आपोआप बरं होईल." हे औषध कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकात आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनने वेगळी वाट दाखवली. स्वतः हा आजार सोसलेल्या या बाईंनी रुग्णांचा गट उभा केला आणि आजार उघड सांगून लग्नं जुळवण्याचा प्रयत्न केला. तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी मला सांगू नये.

आता सरकारकडे वळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. वर्षाला ५ डॉलर, म्हणजे चार-साडेचारशे रुपये, इतक्या कमी खर्चातही औषध होऊ शकतं. तरीही गरीब देशांत चारपैकी तिघांना उपचार मिळत नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. २०२१ च्या तुलनेत उपचारसेवा ५० टक्क्यांनी वाढवायची, असं त्यात ठरलं आहे. ठराव छान आहे. पण भुदरगड-शाहूवाडीतल्या मजुराला त्याचा अर्थ एकच : जवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला, न चुकता, तीच गोळी मिळणार का? आपल्या राज्यात डॉ. निर्मल सूर्यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने आरोग्य खात्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेतली, फार मोलाचं काम केलं. पण शिबिर एक दिवसाचं आणि गोळी वर्षानुवर्षांची. शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासूनची जबाबदारी सरकारची आहे आणि ती भाषणाने फिटत नाही.

शाळांनाही सोडणार नाही. वर्गात फिट आली की अजून चमचा शोधतात, हातपाय दाबून धरतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणांत दुनियाभरचे विषय असतात, त्यात हा अर्ध्या तासाचा धडा सक्तीचा करा. तोंडात काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. आजूबाजूचे बाक सरकवायचे, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर तडक दवाखाना. आणि मूल शुद्धीवर आल्यावर त्याच्याभोवती जमलेला घोळका पांगवायचा, हे सर्वांत आधी शिकवा.

आमच्या नात्यातल्या सर्वांना, विशेषतः ज्यांच्या घरी यंदा लग्नकार्य आहे त्यांना, माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात हा आजार असेल तर बैठकीत सांगा. दुसऱ्या बाजूने सांगितलं तर उठून जाऊ नका, कुठल्या डॉक्टरांकडे दाखवता आणि शेवटची फिट कधी आली होती ते विचारा. मधुमेहाबद्दल विचारता तसंच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं. भांडायला मला अजून वेळ आहे.