प्लेअरची पाठ बघा!

"काका, सगळं भंगारात द्या, साउंडबार घ्या!" दुकानदाराने माझं पुरतं न ऐकताच निकाल दिला. अहो, बिघडलाय तो फक्त प्लेअर! २००७ साली निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत आहेत. त्याला एचडीएमआय नाही, एवढाच त्याचा गुन्हा. पण मागे ऑप्टिकल आणि कोॲक्शियलची सोय आहे, आणि त्यातून डॉल्बी डिजिटल, डीटीएसचा ५.१ आवाज आजही येतो. मेनूत मात्र 'बिटस्ट्रीम' निवडायचं. पीसीएम ठेवलंत तर दोनच वाटांचा आवाज मिळतो. ब्लू-रेचा ट्रूएचडी तेवढा यातून जात नाही. न जाईना! सत्तरी ओलांडलेल्या कानांचं त्यावाचून अडत नाही. तेव्हा मंडळी, किंमत नंतर विचारा, आधी प्लेअरची पाठ बघा. तिथे या दोहोंपैकी एकही नसेल तर स्वस्तातलाही नको. निवृत्त झालं म्हणजे निकामी झालं असं नसतं, हे मी नाही सांगणार तर कोण?