बाळंतिणीची सखी

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात उगाच रडू येते, चिडचिड होते. हे बहुतेक जणींच्या वाट्याला येते आणि दहा-पंधरा दिवसांत ओसरते. ते ओसरले नाही, बाळ झोपले तरी आईचा डोळा लागेना, बाळाला घ्यावेसेच वाटेना, तर तो आजार समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणी १५.६ टक्के आणि प्रसूतीनंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतो. गोव्यात म्हापशाच्या आझिलो रुग्णालयातील २७० मातांच्या अभ्यासात (२००२) प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण २३ टक्के निघाले. गरिबी, नवऱ्याचा जाच आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी यांचा त्याच्याशी जवळचा संबंध दिसला.

कशेडी घाटाच्या पायथ्याशी, महाड-पोलादपूरच्या वाड्यांत बाळंतिणीच्या शरीराची हेळसांड सहसा होत नाही. पहिलटकरीण माहेरी येते. तिला शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विसावा मिळतो. मनाचा विषय मात्र ‘रडू नको, दूध आटेल’ एवढ्यावर मिटतो. अनेकींचे नवरे पोटापाण्यासाठी मुंबईला असतात. जुलै २०२१ मध्ये तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अशा डोंगरउतारावर भर पावसात दिवस भरत आलेल्या बाईची धास्ती वेगळीच असते. जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभर किलोमीटरहून लांब. तान्हे घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे वारंवार जाणे तिला परवडणारे नाही.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने यावर एक वाट काढली. नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ‘सखी’ मिळाली. सखी म्हणजे त्याच भागातली, आरोग्यसेवेचे शिक्षण नसलेली बाई. तिला प्रशिक्षण दिले जाई आणि पुढेही तिच्या कामावर देखरेख असे. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ६ ते १४ भेटी ठरलेल्या होत्या. भेटीत उपदेश नसे. आईचे स्वतःचे खाणे-झोपणे, बाळाशी खेळणे, घरच्यांकडे मदत मागणे यांतले जमेल असे एखादे काम दोघी मिळून ठरवत आणि पुढच्या भेटीत ते जमले का, ते पाहत. निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण सखी लाभलेल्या गटात अधिक होते. फरक माफक होता, पण खर्च थोडा आणि माणसे गावातलीच. म्हणून तो मोलाचा.

सखी डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. हजारात एक-दोन बाळंतिणींना भास होतात, भ्रम जडतात. जीव देण्याची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा कोणाच्याही तोंडी येऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. एरवी ऐकलेले पोटात ठेवणे ही सखीची पहिली अट. छोट्या वाडीत एक शब्द फुटला, की दुसरी कोणी तोंड उघडत नाही.

महाड-पोलादपुरात हे काम शून्यातून उभारावे लागणार नाही. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचे असते. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्याच भेटीत आईला बाजूला घेऊन ‘गेल्या पंधरा दिवसांत मन उदास असते का? कशात रस वाटेनासा झालाय का?’ एवढे विचारता येते. त्यासाठी आशाताईंना प्रशिक्षण हवे, जादा कामाचा मोबदला हवा आणि पाठीशी तालुक्याला एक समुपदेशक हवा. तालुका आरोग्य यंत्रणेने आणि ग्रामपंचायतींनी हे मनावर घ्यावे. तोवर घरातल्या कोणीही १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन लावावा; ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.